डब्यातील शक्ती आणि गटारातील गोळी

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले, की आमच्या पेडण्याच्या बाजारात दोन वस्तूंना विशेष मागणी येते. एक देवापुढे लावावयाची उदबत्ती आणि दुसरी औषधांच्या दुकानांत काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मांडून ठेवलेले मोठमोठे डबे. काही डब्यांवर मेंदूचे चित्र असते, काहींवर पिळदार दंडाचे. उदबत्तीविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. ती स्वस्त आहे, सुवासिक आहे, आणि स्मरणशक्ती वाढविण्याचे वचन तिच्या वेष्टनावर छापलेले नसते. डब्यांविषयी मात्र थोडे म्हणावयाचे आहे, आणि ते म्हणण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीने मिळाला आहे.

आम्ही राहतो पेडण्यात आणि शिकवतो डिचोलीत. पदवी कलाशाखेची, रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. असे असूनही गावातील शिक्षकास लोक सर्व काही विचारतात, अगदी गाईच्या दुधापासून न्यायालयाच्या नोटिशीपर्यंत, आणि शिक्षकही बहुधा ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीचे वडील आमच्याकडे आले. पूर्वी खाणीवर ट्रक चालवीत. खाणी बंद पडल्यावर आता लहानसा टेम्पो चालवितात. मुलगी आठशे मीटर धावणारी, पायांत वारा असलेली. २०२३ साली ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात भरली, तेव्हापासून आमच्या तालुक्यांतील मुलांत धावण्या-खेळण्याचा जो उत्साह संचारला आहे, त्यातलीच ती एक. परंतु काही महिन्यांपासून ती लवकर थके, वर्गात पेंगे, पाठांतर तिच्या लक्षात राहीना. वडिलांनी विचारले, “सर, चेडवाक ताकद येवंक कितें दिवचें?” आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “काहीतरी शक्तीचे द्या. प्रोटीनचा डबा वगैरे मिळतो.”

त्या सज्जन गृहस्थाने दोन हजारांहून अधिक रुपये मोजून डबा आणला, आणि दुसऱ्या दुकानातून ‘मेंदूसाठी’ म्हणून एक बाटलीही आणली. मुलगी दोन्ही नेमाने घेत राहिली. पावसाळा संपल्यावर तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती मैदानात बसली, आणि मग आडवी झाली. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघाले. ह्या वयाच्या मुलीचे ते बाराच्या खाली असू नये. रक्तातील लोह संपत आले होते. महागड्या भुकटीचा तिला हवा तो उपयोग होणे शक्यच नव्हते, कारण तिच्या शरीरात उणीव होती ती निराळ्याच गोष्टीची.

त्यानंतर आम्ही ह्या विषयाचे जे काही वाचले, डॉक्टर मित्रांस जे काही विचारले, त्याचा गोषवारा पुढे देत आहोत.

प्रथम त्या डब्यात असते तरी काय, ते पाहू. दूध फाटले म्हणजे चोथा खाली राहतो आणि वर हिरवट पाणी उरते; त्या पाण्यातील प्रथिने वाळवून केलेली भुकटी म्हणजे बहुतेक प्रसिद्ध डब्यांतील मुख्य वस्तू. काही डब्यांत सोयाबीन, वाटाणा किंवा तांदूळ ह्यांची प्रथिने असतात. त्यात चव आणणारे पदार्थ, गोडी आणणारे पदार्थ आणि रंग. वस्तू स्वभावतः वाईट नव्हे. शस्त्रक्रियेनंतर ज्यास अन्न जात नाही त्यास डॉक्टर तिचा उपयोग सांगतात, आणि तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की डब्यावर जे छापले आहे तेच आत आहे काय? केरळातील काही डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रकारच्या प्रथिन-भुकट्या तपासून २०२४ साली आपले निष्कर्ष एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर छापल्याच्या निम्मेच प्रथिन होते. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारे विषारी द्रव्य सापडले, आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. कुजका भुईमूग आपण निवडून टाकतो. भुकटीतला निवडणार कसा?

त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या आदल्या महिन्यात केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने संगणकावरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांस कळविले, की बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ ह्या सदराखाली विकू नयेत. कारण २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात अशा नावाचा प्रकारच नाही! ज्या शब्दावर विश्वास ठेवून दोन पिढ्यांतील आयांनी आपल्या मुलांच्या दुधात दोन-दोन चमचे घातले, त्या शब्दास कायद्याचे कसलेही पाठबळ नव्हते, हे वाचून आम्ही थोडा वेळ स्तब्ध बसलो. आमच्याही दुधात ते दोन चमचे पडत असत.

आता खेळाडूंविषयी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ साली तज्ज्ञांकरवी ह्या सर्व पदार्थांची छाननी केली. बाजारात असंख्य वस्तू असताना कामगिरीस थोडाफार हातभार लावतात असा चांगला पुरावा ज्यांच्याविषयी आहे, त्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या: कॅफीन, क्रिएटिन आणि आणखी दोन-तीन. तोही लाभ अल्प, आणि प्रशिक्षण, आहार, झोप हे सारे आधीच उत्तम असलेल्या अव्वल खेळाडूंसाठी. शिवाय भेसळीच्या भुकटीतून निषिद्ध द्रव्य पोटात जाऊन उत्तेजक चाचणीत सापडण्याचा धोका असतो तो वेगळाच. तालुक्याच्या मैदानावर धावणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा ह्यांपैकी कशाशीही संबंध येत नाही.

मग तिने खावे काय? हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडून वर्गात करून दाखविला आहे, गणिताच्या शिक्षकांनी क्षमा करावी. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीस दिवसास सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नित्य कसून सराव करणाऱ्या पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीस ५४ धरा. दिवसभराची पेज आणि भात मिळून तीनशे ग्रॅम उकडे तांदूळ होतात, त्यांत सुमारे २२ ग्रॅम. वाटीभर अळसांद्यांच्या तोणाकात, म्हणजे पन्नास ग्रॅम कोरड्या दाण्यांत, ११. एका मध्यम बांगड्यात १५. एका अंड्यात ६. सकाळच्या तिजानातील पन्नास ग्रॅम नाचण्यात ३. बेरीज ५७. ज्यांच्या घरी मासळी नाही त्यांनी बांगड्याच्या जागी कुळथाचे सार, दूध, दही घ्यावे आणि थोडे अधिक घ्यावे, गणित जुळते. ह्या यादीतील प्रत्येक वस्तू डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मिळते, आणि तिच्यात काय आहे ते डोळ्यांना दिसते.

तिजानाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या घरची भाषा कोकणी. लहानपणी आई नाचण्याचे पीठ नारळाच्या रसात गुळाबरोबर शिजवून वाटी पुढे ठेवी, तेव्हा आम्ही तोंड वाकडे करीत असू. कारण शेजारच्या मुलास डब्यातले तपकिरी दूध मिळे. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे आम्हांस तिशी उलटल्यावर पुस्तकात वाचून समजले. आईस ते पुस्तक ठाऊक नव्हते.

उकड्या तांदळाचेही तसेच. भात साळीसकट उकडला म्हणजे सालीजवळचे ‘ब’ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि कांडल्यावरही बरेचसे शिल्लक राहते. पांढरा सडीक तांदूळ खाऊन बेरीबेरी नावाचा नसांचा आणि हृदयाचा रोग होतो, ह्याचा धागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन ह्या डच डॉक्टरास सापडला. त्याबद्दल त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेजेत मीठ घालून ती धावून आलेल्या मुलास दिली, तर घामावाटे गेलेले पाणी, मीठ आणि स्नायूंतील खर्च झालेला साखरेचा साठा ही तिन्ही त्यास एका वाडग्यातून परत मिळू लागतात. थकलेल्या स्नायूची झीज भरून येण्यास ह्याहून अधिक लागते ते प्रथिन वर मोजलेच, आणि लागते ती झोप.

झोपेचे नाव काढले की मुले हसतात. पण ह्या वयात आठ ते दहा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. आणि दिवसा वाचलेले मनात पक्के बसते तेही पुष्कळसे झोपेतच. रात्री एक वाजेपर्यंत भ्रमणध्वनी उजळत ठेवावयाचा आणि सकाळी स्मरणशक्तीचे चाटण घ्यावयाचे, ह्यास काय म्हणावे? काही मुले जागण्यासाठी उत्तेजक पेयांच्या बाटल्या आणतात. त्या बाटल्यांवरच लहान अक्षरांत छापलेले असते, की हे पेय मुलांसाठी नाही. आमच्या वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचून घेतले गेले आहे.

आता मेंदूच्या बाटलीकडे वळू. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणासाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ माणसांवर त्याचा कित्येक वर्षे प्रयोग केला. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्मृतिभ्रंश टळण्याच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नाही. आमच्या ब्राह्मीविषयी आदराने बोलले पाहिजे. चरकसंहितेत मेध्य रसायने चार सांगितली आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, त्यांतील एक हीच मंडूकपर्णी. दुसरीवर अलीकडे काही लहान प्रयोग झाले असून, प्रौढांनी ती सुमारे बारा आठवडे घेतल्यास स्मरणात थोडा फरक दिसतो, असे त्यांतून निघते. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात आणलेल्या बाटलीस त्या प्रयोगांचा आधार घेता येणार नाही. पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे मोठे रुग्णालय २०२२ च्या डिसेंबरापासून उभे आहे. ज्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे त्यांनी तेथील वैद्यास विचारावे, दुकानातील फळीस विचारू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की गुरुजींचा सर्वच पूरक द्रव्यांस विरोध दिसतो. तसे नाही. अन्नात एखादे द्रव्य घालून मुलांच्या बुद्धीचे रक्षण करता येते, ही गोष्ट पूर्णपणे सिद्ध झालेली आहे. ते द्रव्य म्हणजे मिठातील आयोडीन. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी ह्यांनी खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांतील लोकांस आयोडीनयुक्त मीठ दिले आणि तिसऱ्यास साधे. काही वर्षांत त्या दोन भागांतील मुलांचे गलगंड झपाट्याने कमी झाले. साध्या मिठाच्या भागात तसे झाले नाही. गलगंड हे बाहेर दिसणारे चिन्ह. गर्भात असताना आयोडीन न मिळालेल्या मुलाचा मेंदू खुरटतो, हे न दिसणारे. १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. पेडण्यातील आगरवाड्याची मिठागरे आम्हांस प्रिय आहेत. त्या मिठावाचून आमच्या घरी आंब्याचे खारातले तोर होत नाहीत. तथापि रोजच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठ, तेही शिजून झाल्यावर, आणि बरणीचे झाकण घट्ट. समुद्राची मासळी खाणाऱ्यांस थोडे आयोडीन तिच्यातूनही मिळते.

आणि दुसरे द्रव्य म्हणजे लोह. आमच्या त्या विद्यार्थिनीस जे हवे होते, ते.

रक्तातील तांबड्या कणांत प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन, ते लोहावाचून बनत नाही. ते कमी पडले की धावणाऱ्याच्या स्नायूंस प्राणवायू पोचत नाही, मग प्रथिनांचा डोंगर खाल्ला तरी काय होणार? मेंदूसही लोह लागते. १९९६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झालेला एक प्रयोग लॅन्सेट ह्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला आहे. ज्या शाळकरी मुलींच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता, पण पांडुरोग अजून झालेला नव्हता, अशांपैकी काहींस आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांची शब्द शिकण्याची आणि स्मरणात ठेवण्याची शक्ती इतर मुलींहून चांगली झाली. कोणत्याही चकचकीत बाटलीस हेवा वाटावा असा हा परिणाम, आणि गोळी काही पैशांची.

ही गोळी आमच्या देशात फुकट मिळते! शाळेतील दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींस आठवड्यातून एक निळी गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम दशकाहून अधिक काळ चालू आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि त्यास जोड म्हणून फॉलिक आम्ल असते. लोह खाणारे जंत मारण्याची गोळीही वर्षातून दोनदा मिळते. गरजही उघड आहे: २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ३९ जणींचे रक्त कमी आढळले. मासळी, नारळ आणि शिक्षण ह्यांत पुढारलेल्या राज्याची ही स्थिती.

तर आता आमची खरी चूक सांगतो. ती मुलगी रुग्णालयातून परत आल्यावर आम्ही शाळेची नोंदवही काढून पाहिली. तिच्या नावापुढे प्रत्येक आठवड्याची खूण होती, आणि ती खूण आमच्याच हाताची होती. गोळी हातावर ठेवली की आम्ही खूण करीत होतो; ती तोंडात गेली की नाही हे आम्ही कधी पाहिलेच नाही. एका सकाळी शिपाई पाण्याच्या नळामागचे गटार उपसत होता. पालापाचोळ्यात निळ्या गोळ्या होत्या. काही विरघळलेल्या, काही जशाच्या तशा. किती होत्या ते आम्ही मोजले नाही. मोजण्याचे धैर्य झाले नाही.

मुलांस विचारले तेव्हा उत्तरे सरळ होती. मळमळते. शौचास काळे होते. फुकटची गोळी म्हणजे हलकी असणार. मुलगे म्हणाले, ती मुलींची गोळी आहे. कोणी कोठल्याशा चित्रफितीत काही ऐकले होते. मळमळ बहुतेकांस होते ती गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने, आणि आम्ही ती सकाळच्या प्रार्थनेनंतर वाटीत असू, जेव्हा कित्येक मुले नुसत्या चहावर शाळेत आलेली असत. चहा हा तर लोहाचा वैरीच. जेवणाबरोबर घेतला की अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू ह्यांच्या संगतीत ते चांगले मुरते. शौचाचा काळा रंग हा न मुरलेल्या लोहाचा. त्यापासून अपाय नाही. ह्यांपैकी एकही गोष्ट आम्ही मुलांस पूर्वी सांगितली नव्हती. त्यांनी गोळी फेकली ह्याचा दोष त्यांच्यावर किती आणि आमच्यावर किती, हे वाचकांनीच ठरवावे.

अन्नातूनही लोह येते हे विसरू नये. तिसऱ्यो, खुबे, मासळी, मटण ह्यांतील लोह शरीर सहज घेते; तांबडी भाजी, अळसांदे, नाचणे ह्यांतील थोडे कष्टाने घेते, म्हणून त्यांवर लिंबू पिळावे. पण ज्या मुलीचा साठाच आटला आहे तिला नुसत्या भाजीने भरून येत नाही, तिथे गोळीच हवी; आणि थॅलॅसिमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार ज्या घरी असेल त्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नये. थकवा दिसला की आधी रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही साधी तपासणी होते. आम्ही त्या वडिलांस डब्याचे नाव सांगण्याऐवजी हे एक वाक्य सांगितले असते, तर त्यांचे पैसेही वाचले असते आणि ती मैदानात पडलीही नसती.

मुलगी आता अकरावीत दुसऱ्या शाळेत आहे आणि पुन्हा धावते. तिचे वडील वाटेत भेटले की टेम्पो थांबवून बोलतात. डब्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि तो काढला नाही म्हणूनच आम्हांस तो अधिक बोचतो.

गेल्या जूनपासून आमच्या वर्गात गोळी मधल्या सुट्टीनंतर, डबा खाऊन झाल्यावर देतो. मुलगे आणि मुली एकाच रांगेत उभी राहतात. वर्गातील दोन विद्यार्थी घरून लिंबे आणतात, मडक्यातील पाण्यात ती पिळली जातात, आणि गोळी गिळून झाल्यावरच नोंदवहीत खूण होते. मागच्या बाकावरील दोघे मुलगे अजूनही गोळी गालात लपवितात. त्यांच्याशी आमची बोलणी चालू आहेत.